सोळा अंश

रोक्को, बाटली पोचली.
भाच्याच्या बॅगेत, दोन स्वेटरांच्या पोटात,
मुंबईहून भुसावळ, भुसावळहून एसटीनं बामणोद,
शेवटचा टप्पा माझ्या मांडीवर, तान्ह्या पोरासारखी.

लेबलवर तुझा डोंगर. विझलेला ज्वालामुखी.
बावीस वर्षं एका जहाजाच्या मुदपाकखान्यात घालवून
तुला सांगायचं राहूनच गेलं:
आमची काळी मातीही त्याच कुळातली,
कधीकाळी वितळलेली,
आता केळी-कापूस धरून गप्प बसलेली.

तुझी शाळा अजून तोंडपाठ आहे.
बोलोन्याच्या मांसरश्शाला फेसाळती लाम्ब्रुस्को,
चरबी अशी काढते, म्हणायचास, जशी राख तव्याची काजळी.
लिगुरियाच्या हिरव्या चटणीला तिथल्याच किनाऱ्यावरची पांढरी.
आणि वांग्याला, तेल पिऊन सुस्तावलेल्या वांग्याला,
फक्त तुझ्या गावची आल्यानिको.
दुसरं काही ओतलं तर मावशी आयुष्यभर बोलणार नाही.

टॅनिन, टॅनिन, म्हणत जीभ बाहेर काढून दाखवायचास.
मी म्हणालो, तुरट. आमच्याकडे शब्द आहे.
जांभळानं होतं ते. केळीचा चीक ओठाला लागला की होतं ते.
तू पिठाच्या डब्यावर खडूनं लिहून ठेवलंस, तुरत.
ट काही तुला शेवटपर्यंत जमला नाही.

आणि सुएझच्या रांगेत अडकलेल्या एका रात्री विचारलंस,
तुझ्या गावच्या वांग्याबरोबर तुझं गाव काय पितं?

मी खोटं बोललो. मोहाची, म्हणालो.
मोहाची वर सातपुड्यात, पावऱ्यांच्या पाड्यावर.
आमच्या घरात दारूचं नाव निघालं
तरी देव्हाऱ्याचा पडदा ओढून घेतात.

परवा घाट घातला. होळीला आठ दिवस होते.
वांगी शेवटच्या तोड्याची, हिरवी, पांढऱ्या रेघांची,
तुराट्यांच्या जाळावर भाजली जाण्यासाठीच जन्मलेली.
मी चकत्या केल्या, मीठ लावलं, कढई ठेवली.
कौतिका दारात:
"भरताच्या वांग्याले तयता? पाप लागीन तुम्हाले."
पण म्हशीचं दूध लिंबू पिळून तिनंच फाडलं,
टमाटे तिनंच रटरटवले,
सब्जाची पानं खुडताना तेवढं बजावलं,
तुळशीले हात लावू नका.

लेबल म्हणतं, सोळा अंश.
घरात चौतीस. फ्रिजमध्ये जागा मिळाली नाही;
दह्याशेजारी दारू?
मग ओल्या गोणपाटात बांधून, सुंभाला लटकवून
विहिरीत सोडली.

सुंभ जुना.
आवाज अगदी छोटा झाला. बेडूक उडी मारतो, तेवढा.

विजेरी मारून पाहिलं. काच नाही, रंग नाही,
लेबलचा कपटाही वर आला नाही.
खाली कुठेतरी शाबूत पडली आहे,
तुझा अख्खा डोंगर बुचासकट.

जेवलो. तुझं वांगं, कळण्याची भाकरी.
चीज रबरासारखं झालं होतं, तुला सांगत नाही.
कौतिकानं दोनदा वाढून घेतलं, चांगलं म्हणाली नाही.
मग त्याच विहिरीचा तांब्या उचलला, हुंगला,
माझ्याकडे पाहिलं, पुन्हा हुंगला,
आणि घटाघटा प्याली.

तर रोक्को, उत्तर लिहून घे, डब्यावर लिही:
जेवताना आम्ही काहीच पीत नाही.
ताट रिकामं झालं की, हात धुण्याआधी,
तांब्याभर पाणी. बस.

वैशाखात विहीर तळ गाठते.
दोन वर्षांमागे कासव उघडं पडलं होतं,
चिखलात मान काढून आमच्याकडे बघत.
तशी यंदा तुझी बाटलीही दिसेल.

रोज सकाळी काठावरून वाकून बघतो.
दिसावी, असं जिभेला वाटतं.
बाकी सगळं अंग म्हणतं,
नको.